चारात एक: मुलांना संभाव्यता कळते का?

(हिंगोली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय पत्रिकेवर जरा जड छापला गेलाय: 'वैद्यकीय निर्णय आणि मुलांची संभाव्यतेची समज'. संभाव्यता हा शब्द ऐकला की निम्मे लोक दहावीच्या गणिताकडे बघतात आणि उरलेले दाराकडे. (हशा) बसा. आज मी सूत्रं सांगणार नाही. एका मुलीनं मला विचारलेला प्रश्न सांगणार आहे, आणि त्याला मी दिलेलं चुकीचं उत्तर.

निवृत्तीनंतर मी एका वसतिगृहात मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जात असे. तिथं एक दहा वर्षांची मुलगी होती. तिला सिकलसेलचा आजार होता. नाव, गाव सांगत नाही, विचारू नका. एक दिवस पुस्तक मिटल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "आबा, डॉक्टर म्हणले चारात एका लेकराला होतो. आमच्या घरी माझा नंबर लागला. म्हणजे आता भाऊ सुटला ना? अन् मायच्या पोटात आहे ते बाळ पण?"

तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती रडत नव्हती. घराचं काही तरी आपण अंगावर घेतलं, धाकटे वाचले, असा एक अभिमान होता त्यात. आणि मी, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "हो माय, सुटले ते."

मंडळी, हे वाक्य खोटं होतं. ते किती महाग पडलं ते शेवटी सांगतो. आधी ते खोटं का, ते पाहू.

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. तांबडी पेशी गोल असते, ती ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हातापायात, पाठीत, छातीत भयंकर कळा येतात. रक्त कमी होतं, जंतुसंसर्ग लवकर होतो. आपल्याकडे विदर्भात, गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि बिगर-आदिवासी समाजांतही तो आढळतो. आपल्या जिल्ह्याची हद्दच यवतमाळ, वाशीमला लागलेली. तेव्हा हा दुसऱ्याचा प्रश्न आहे असं समजू नका. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. म्हणजे हजारो शाळकरी मुलांच्या हातात तपासणीचं कार्ड येतंय, येणार आहे. त्या कार्डाचा अर्थ त्या मुलांना कोण सांगणार, हा माझा आजचा प्रश्न.

आता 'चारात एक' म्हणजे काय? खिशातून रुपयाची दोन नाणी काढा. एक नाणं आईचं, एक बापाचं. आईबाप दोघंही 'वाहक' आहेत, म्हणजे स्वतः आजारी नाहीत, पण दोघांकडे एक चांगला जनुक आणि एक बिघडलेला जनुक आहे. छापा म्हणजे चांगला, काटा म्हणजे बिघडलेला. मूल होताना दोघांकडून एकेकच जनुक येतो. दोन्ही नाणी उडवा. छापा-छापा आलं तर मूल पूर्ण निरोगी. एक छापा, एक काटा आलं तर आईबापांसारखंच वाहक. काटा-काटा आलं तर आजार. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, असे चार प्रकार. त्यातला एक आजाराचा. हे झालं चारात एक.

पण नाणी प्रत्येक मुलाच्या वेळी नव्यानं उडतात. पाळण्यातल्या बाळाला थोरल्या बहिणीचा हिशोब लागू होत नाही. त्या मुलीच्या घरी दोन भावंडं होती, एक झालेलं, एक येणारं. अशी १६ घरं घ्या, जिथं थोरलीला आजार आहे आणि मागे दोन लेकरं आहेत. सरासरीनं त्यातल्या ९ घरांत दोघंही आजारातून सुटतील. पण ७ घरांत निदान एकाला तरी आजार असेल. सोळात सात! आणि मी म्हणालो, सुटले.

अजून एक हिशोब बघा. आईबाप दोघं वाहक आणि मुलं चार, अशी २५६ कुटुंबं धरा. ८१ घरांत एकालाही आजार नसेल. १०८ घरांत एकाला, ५४ घरांत दोघांना, १२ घरांत तिघांना आणि एका घरात चारही लेकरांना. 'चारात एक' ऐकून आपण डोळ्यांसमोर जे घर आणतो, चारातलं बरोब्बर एक आजारी, तसं घर निम्म्यापेक्षा कमीच. हे गणित कुणालाही करता येईल. पण दवाखान्यातून बाहेर पडताना माणूस हे गणित घेऊन जात नाही, फक्त 'चारात एक' हे दोन शब्द घेऊन जातो.

मग कुणी म्हणेल, सर, ती लहान मुलगी, तिला काय कळणार? इथंच थांबायला पाहिजे. मुलांना शक्यता कळत नाही असं आपण फार सहज म्हणतो. याचं मूळ बरंचसं ज्याँ पियाजे यांच्याकडे जातं. स्वित्झर्लंडचे हे मानसशास्त्रज्ञ. १९५१ साली बेर्बेल इनहेल्डर यांच्याबरोबर त्यांनी मुलांच्या मनातल्या योगायोगाच्या कल्पनेवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सात वर्षांच्या आत मुलाला योगायोग आणि नियम यांत फरकच करता येत नाही, मग हळूहळू तो कळू लागतो, आणि शक्यतेचा नीट हिशोब अकरा-बाराच्या पुढं जमतो.

पण पुढच्या संशोधनानं चित्र बदललं. २०१० साली स्टेफनी डेनिसन आणि फेई शू यांनी साधारण वर्षभराच्या बाळांवर एक प्रयोग छापला. दोन बरण्या. एकीत बाळाच्या आवडत्या रंगाच्या गोळ्या जास्त, दुसरीत नावडत्या रंगाच्या जास्त. प्रत्येक बरणीतून एकेक गोळी रंग न दाखवता काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली. बाळं रांगत कुठं गेली? बहुतेक बाळं आवडत्या रंगाच्या बरणीतून काढलेल्या गोळीकडे गेली. बोलता येत नाही, मोजता येत नाही, पण 'कुठून मिळण्याचा संभव जास्त' हे कळतं. २०१४ साली ग्वाटेमालातल्या माया समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या प्रौढांवरचा अभ्यास आला. त्यांनाही शक्यतेचे साधे अंदाज बरोबर बांधता येत होते. तेव्हा ही जाण पुस्तकातून येते असं नाही. आपल्या आज्या कवड्या टाकत होत्या, त्यांना कुठली कवडी कशी पडते याचा अंदाज होताच की.

आणि चुका? त्या मुलांच्याच असतात का? ल्युडो खेळताना पोरगं म्हणतं, "किती वेळ झाला सहा पडला नाही, आता पडणारच." हसू येतं आपल्याला. पण मटक्याचे आकडे वहीत लिहून, 'हा आकडा खूप दिवसांत आला नाही' म्हणून पैसे लावणारी चाळिशीतली माणसं आपण पाहिलीत ना? तीच चूक. इस्रायलचे एफ्राइम फिशबाइन यांनी मुलांच्या अशा चुकांचा अभ्यास केला. १९९७च्या त्यांच्या निबंधात दिसतं की वय वाढेल तशा काही चुका कमी होतात, आणि काही चुका चक्क वाढतात! तेव्हा त्या मुलीचा 'नंबर लागला' हा हिशोब बालिश नव्हता. तो तिनं मोठ्यांकडूनच उचलला होता. तिच्या बापाचाही तोच हिशोब होता, हे मला नंतर कळलं.

आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात संभाव्यतेचा धडा दहावीत येतो. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी. सिकलसेलच्या कळा मात्र वर्षाच्या आतही सुरू होऊ शकतात. आजार काही दहावीपर्यंत थांबत नाही. तेव्हा ही समज शाळेच्या आधी कुणी तरी द्यावी लागणार. घरानं, दवाखान्यानं, वसतिगृहातल्या अधीक्षकानं, माझ्यासारख्या गोष्टी वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं.

आता मी माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे येतो. आकडा एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि मूल दुसराच प्रश्न विचारत असतं. आकडा सांगतो 'किती जणांत किती'. मूल विचारतं 'मीच का?'. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवलं की मूल ते उत्तर स्वतःच पुरं करतं. कशानं? न्यायानं. पियाजे यांनी १९३२ साली मुलांना एक गोष्ट सांगितली होती: एका मुलानं सफरचंदं चोरली, पळताना तो लाकडी पुलावर आला आणि पूल मोडला. पूल का मोडला? लहान मुलं म्हणाली, त्यानं चोरी केली म्हणून. लाकूड कुजलं होतं वगैरे त्यांना सुचत नाही असं नाही, पण जगात जे घडतं ते कुणाच्या तरी वागण्याचा हिशोब असतं, असं त्यांना वाटतं. मग आजारी मूल काय म्हणेल? मी काही तरी केलं असणार. आणि आपण मोठी माणसं त्यात भर घालतो. 'मागच्या जन्मीचं असेल', 'कुणाची नजर लागली', 'मायच्या घराण्यातून आलं'. हे शेवटचं तर फार वाईट. दोन्ही नाणी काटा पडल्याशिवाय हा आजार होत नाही, तरी दोष एकट्या आईला!

आपल्या परंपरेत यावर विचार झाला नाही असं नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचं कारण काय असेल याची यादी येते, त्यात काल आहे, स्वभाव आहे, नियती आहे आणि 'यदृच्छा'ही आहे. यदृच्छा म्हणजे नुसतं घडणं, कुणाच्या हेतूशिवाय. उपनिषद ते उत्तर शेवटी स्वीकारत नाही, ही गोष्ट वेगळी. पण हा पर्याय मांडण्याइतकी त्याची ओळख होती. महाभारतात नळाची गोष्ट आहे. फाशांत राज्य घालवलेल्या नळाला ऋतुपर्ण राजा फाशांची विद्या शिकवतो, आणि तीच विद्या जाणणारा ऋतुपर्ण झाडाकडे बघून त्याच्या फांद्यांवरची पानं-फळं किती हे सांगतो. फासे आणि मोजणी यांचं नातं आपल्या गोष्टीतच आहे. नळ हरला ते पापामुळे की फाशांमुळे, हा वाद घालत बसण्यापेक्षा ऋतुपर्णानं त्याला मोजायला शिकवलं. मला ही गोष्ट त्यासाठी आवडते.

म्हणून मुलाशी बोलताना दोन वाक्यं वेगवेगळी करावी लागतात. पहिलं: हे कुणाच्या चुकीनं झालेलं नाही, तुझ्या नाही, आईच्या नाही, बाबांच्या नाही. दुसरं: असं किती जणांना होतं. पहिलं सांगितल्याशिवाय दुसरं सांगू नये. नाही तर आकड्यातही मूल शिक्षा शोधतं, किंवा त्या मुलीसारखा त्याग शोधतं.

आता औषधाचं बघा. सिकलसेलवर हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध देतात. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रौढ रुग्णांवरची चाचणी होती. औषध न घेणाऱ्या गटात तीव्र कळांचे झटके वर्षाला साधारण साडेचार, घेणाऱ्या गटात अडीच. पुढं लहान मुलांतही औषधाचा उपयोग दिसला. आता हे मुलाला कसं कळतं? मूल रोज गोळी घेतं आणि तरी एका रात्री कळा येतातच. सकाळी ते म्हणतं, "गोळी खाऊनही दुखलं. मग कशाला खायची?" आपण म्हणतो हट्टी आहे. अहो, त्याचं तर्कशास्त्र चुकलेलं नाही, आपलं बोलणं चुकलंय! आपण सांगितलं होतं, 'गोळी घेतली की दुखणार नाही.' ते खोटं ठरलं. सांगायला हवं होतं: "गोळी घेतली तरी दुखेल, पण कमी वेळा दुखेल. जे झटके आलेच नाहीत ते आपल्याला दिसत नाहीत, म्हणून आपण कॅलेंडरवर खूण करू." नऊ-दहा वर्षांच्या मुलाला भिंतीवरचं कॅलेंडर कळतं. टक्केवारी कळत नाही.

टक्केवारीवरून आठवलं. लिची झू आणि गेर्ड गिगेरेंझर यांनी २००६ साली चीनमधल्या चौथी ते सहावीच्या मुलांवरचा अभ्यास छापला. अवघड प्रश्न होते, खूण दिसली तर आजार असण्याची शक्यता किती, अशा वळणाचे. टक्क्यांत विचारलं तेव्हा एकाही मुलाला जमलं नाही. तोच प्रश्न 'शंभर माणसांपैकी इतकी, त्यांतली इतकी' असा माणसं मोजून विचारला, तेव्हा सहावीच्या साधारण निम्म्या मुलांना जमला. मुलं तीच, बुद्धी तीच. सांगण्याची रीत बदलली.

तर रीत काय असावी? माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. एक, चिंचोके घ्या, नाणी घ्या, मुलाच्या हातात द्या, तोंडी आकडा देऊ नका. दोन, प्रत्येक वेळी सांगा की हे कितींपैकी, आणि कशापैकी: मुलांपैकी, वर्षांपैकी, की झटक्यांपैकी. तीन, वाहक आणि रुग्ण यातला फरक तिथल्या तिथं सांगा. शाळेत बोटातलं रक्त घेऊन जी पहिली, साधी चाचणी होते, ती वाहक मुलाचीही 'पॉझिटिव्ह' येते. नक्की काय ते पुढच्या तपासणीत कळतं. मधल्या आठ-पंधरा दिवसांत त्या मुलाला वर्गात कुणी 'आजारी' म्हणायला लागलं, तर ते पुसायला वर्षं लागतात.

शेवटी निर्णयाचं. कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाच्या उपचाराची जबाबदारी पालकांची. ते योग्यच आहे. पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती संशोधनापुरती आहेत, त्यांत सात वर्षांवरच्या मुलाचा होकार तोंडी आणि बारा वर्षांवरच्या मुलाचा लेखी घ्यावा असं म्हटलंय. यामागचा विचार उपचारालाही लागू पडतो असं माझं मत आहे. लॉइस वाइथॉर्न आणि सुसान कॅम्पबेल यांचा १९८२चा अभ्यास सांगतो की काल्पनिक उपचारांचे निर्णय चौदा वर्षांची मुलं प्रौढांसारखेच करत होती. नऊ वर्षांची मुलं कारणं सांगण्यात कमी पडली, पण त्यांची निवड बहुतेक वेळा शहाणपणाचीच होती. तेव्हा मुलावर निर्णयाचं ओझं टाकू नका, पण त्याला त्या खोलीच्या बाहेरही उभं करू नका. 'औषध घ्यायचं की नाही' हे त्याला विचारू नका, 'सकाळी घ्यायचं की रात्री, खुणा कोण करणार' हे विचारा. जो निर्णय खरोखर त्याचा आहे तो त्याला द्या.

आता राहिलेली गोष्ट. मी 'सुटले' म्हणालो. मुलीनं सुट्टीत घरी जाऊन सांगितलं, आबा म्हणले भाऊ सुटला. बापाला तेच ऐकायचं होतं. भावाची तपासणी राहून गेली. आठ महिन्यांनी त्याला जोरात ताप आला, हातपाय सुजले, तेव्हा रक्त तपासलं. त्यालाही आजार निघाला. पोरगं वाचलं, औषधं सुरू झाली. पण ते आठ महिने त्याला जे संरक्षण मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. त्याला माझा एक शब्द कारण होता. मी मोठा म्हणून माझा शब्द चालला, बरोबर होता म्हणून नव्हे.

मुलगी वसतिगृहात परत आली तेव्हा दोन दिवस माझ्याजवळ आली नाही. मग आली आणि विचारलं, "आबा, मग मी घेतलं ते वायाच गेलं का?"

या वेळी मी घाई केली नाही. तिला म्हणालो, माय, मी तुला खोटं सांगितलं होतं, माझं चुकलं. मग दोन नाणी काढली. तिनं उडवली, मी वहीत लिहिलं. चाळीस वेळा. काटा-काटा नऊ वेळा आलं. एकदा लागोपाठ दोनदा आलं, एकदा तर बारा वेळा उडवूनही आलं नाही. ती वहीकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "नाण्याला कुठं माहीत असतंय आबा, घरात आधी कोण आजारी हाय ते."

मी म्हणालो, नाही माहीत.

"मग मी काही घेतलंच नव्हतं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "बाळाची तपासणी करा म्हणून बाबाला तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत."

मी सांगितलं. बाळ झाल्यावर तपासणी झाली. बाळ वाहक निघालं, आजार नाही. ते तिच्यामुळे सुटलं नाही, नाणं तसं पडलं. पण तपासणी मात्र तिच्यामुळे झाली.

आपण मुलांना जे आकडे सांगतो त्यांत पुष्कळदा आपल्याला हवा असलेला दिलासा कालवलेला असतो. तो काढून टाका. खरं सांगा, हातात चिंचोके देऊन सांगा, आणि त्यांचा पुढचा प्रश्न येईपर्यंत बसा. तो प्रश्न आकड्याचा नसेल, पण आकडा खरा असेल तरच ती तो विचारतील.

आता तुमचे प्रश्न घेतो. आणि मागच्या ओळीत शाळेची पोरं बसलीत, पहिला प्रश्न त्यांचा.